पेटी बंद! रेडिओच्या एका नावडीची एकतीस वर्षं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये घसरलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच.)

मागच्या भागाच्या शेवटी मी तुम्हाला एक प्रश्न टाकला होता. तुम्हाला अजिबात सहन न होणारा आवाज कोणता? उत्तरं भरपूर आली. कुकरची शिट्टी, फळ्यावर खडू घासल्याचा आवाज, लोकलमध्ये शेजारचा माणूस इअरफोन न लावता रील्स बघतो तो. माझं उत्तर विचाराल तर लग्नाच्या हॉलमध्ये कीबोर्डवर वाजवलेली सनई. पण एका मुलीनं लिहिलं होतं, "हार्मोनियम. शाळेत रोज प्रार्थनेला वाजायची, अजून पोटात गोळा येतो."

हे वाचलं आणि म्हटलं, चला, आजचा भाग मिळाला. कारण पेटी न आवडणारी ही पहिली मुलगी नाही. या नावडीला मोठा इतिहास आहे, त्यात मोठमोठी माणसं आहेत, आणि त्या नावडीपायी आपल्या देशाच्या रेडिओवर पेटी तब्बल एकतीस वर्षं बंद होती. १ मार्च १९४० ते १९७१. चुकून नाही, रीतसर निर्णय घेऊन.

तुमची माझी नावड आपल्या इअरफोनपुरती असते. नाही आवडलं, स्किप. पण देशात रेडिओ एकच, त्याचा मालक सरकार, आणि 'स्किप'चं बटण एका साहेबाच्या टेबलावर, असं असलं की काय होतं ते आज बघू.

आधी पेटीची जन्मकुंडली. हार्मोनियम मूळची पॅरिसची. अलेक्झांडर देबॅं नावाच्या कारागिरानं १८४० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. तेव्हा ती टेबलासारखी उभी असायची, खुर्चीवर बसून पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मिशनऱ्यांबरोबर, साहेबांच्या सामानाबरोबर ती भारतात आली. आता आपण गातो-वाजवतो ते जमिनीवर मांडी घालून. तेव्हा १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले, भाता मागे बसवला आणि तो डाव्या हाताला दिला. उजवा हात पट्ट्यांवर. झाली आपली पेटी! आतलं तंत्र अगदी साधं आहे. भात्यानं हवा कोंडायची, पट्टी दाबली की ती हवा पितळेच्या एका पातळ जिभेवरून सुटते, जीभ थरथरते, सूर येतो. तार तुटायची भानगड नाही, प्रत्येक बैठकीआधी सूर लावत बसायला नको, पाऊस-पाण्याची फारशी तक्रार नाही. ज्याला कोणी गुरू मिळणार नाही असा माणूसही चार दिवसांत आरती वाजवू लागतो.

महाराष्ट्रानं तर तिला घरातलीच मानली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं आणि संगीत नाटकाचं वेड लागलं. पुढे नाटकात पायपेटी म्हणजे ऑर्गन आला. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला साथीच्या जागेवरून उठवून मानाच्या जागी बसवलं. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, साल १९११. पहिल्या मराठी बोलपटातला, म्हणजे 'अयोध्येचा राजा'मधला हरिश्चंद्रही तेच, आणि त्याचं संगीतही त्यांचंच. नाटक, कीर्तन, भजन, शाळेची प्रार्थना, गणपतीची आरती. १९४० पर्यंत महाराष्ट्रात गाणं म्हटलं की पेटी आलीच.

मग लोकांना ती नकोशी का झाली? इथे जरा थांबून ऐका, कारण पेटीच्या विरोधकांची बाजू वाटते तितकी पोकळ नाही.

पहिली तक्रार मींडेची. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारून चालत नाही, घसरत जावं लागतं. दरबारी कानड्यातला कोमल गंधार झोके घेतो. पेटीवर एक पट्टी आणि तिच्या शेजारची पट्टी, मध्ये काहीच नाही. जिना आहे, घसरगुंडी नाही.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. पेटीचे बारा सूर पाश्चात्त्य पद्धतीनं सारख्या अंतरावर कापलेले असतात. पियानोसारखेच. आता रात्री घर शांत असताना तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेकडे कान द्या. त्या एकाच तारेतून हळूच एक गंधार ऐकू येतो, कोणी न वाजवता. पेटीचा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. अगदी किंचित. पण ज्याचे कान तयार आहेत त्याला तो दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा टोचतो. गायक तानपुऱ्याकडे बघून एक गंधार लावणार आणि पेटी शेजारून दुसराच देत राहणार.

यावर उपाय शोधणारे लोकही आपल्याकडचेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचा एक इंग्रज सनदी अधिकारी, या भागात न्यायाधीश म्हणून काम केलेला, गाण्याचा नादी. या दोघांनी मिळून श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. नेहमीच्या बारा सुरांऐवजी सगळ्या श्रुती वाजतील अशी. १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या पेटीवर भरपूर काथ्याकूट झाला. भातखंडे त्या श्रुतींच्या गणिताशी सहमत नव्हते. ती पेटी बाजारात काही आली नाही. पण बघा, पेटी आवडणाऱ्या लोकांनाच तिचं वैगुण्य आधी कळलं होतं आणि ते दुरुस्त करायच्या मागे लागले होते. पेटी बंद करा असं ते म्हणत नव्हते.

बंद करणारे दुसरे. १९३५ साली बीबीसीतून लायोनेल फील्डन नावाचे गृहस्थ भारतातल्या रेडिओचे प्रमुख म्हणून आले. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव १९३६ मधलं, त्यांच्याच काळातलं. त्यांच्या हाताखाली दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते जॉन फोल्ड्स, इंग्लंडमधले नावाजलेले संगीतकार. भारतीय संगीतावर मनापासून प्रेम करणारा माणूस, भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बांधायच्या खटपटीत होता. त्यांनी १९३८ साली रेडिओच्या 'इंडियन लिसनर' या पाक्षिकात पेटीवर एक जहरी लेख लिहिला. हार्मोनियमचं इंग्रजी स्पेलिंग मध्येच तोडून त्यांनी शीर्षकातच कोटी केली होती : 'हार्म'-ओनियम. हार्म म्हणजे अपाय. दुसऱ्याच वर्षी, १९३९ मध्ये, कलकत्त्यात पटकीनं ते गेले. बंदी बघायला राहिले नाहीत.

त्यांच्या बाजूला आणखी एक वजनदार नाव होतं, रवींद्रनाथ टागोर. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून कळवलं की गाण्याच्या साथीला पेटी घ्यायला आपला कायम विरोध राहिला आहे आणि शांतिनिकेतनातून आपण ती केव्हाच हद्दपार केली आहे. दीडेक महिन्यात सगळ्या केंद्रांवर पेटी बंद.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती 'परकी' या शब्दाची. पेटी परकी म्हणून नको, असं सांगणाऱ्यांत दोन इंग्रज. ते सांगत होते रेडिओवरून, म्हणजे ज्या यंत्राचा एक स्क्रूसुद्धा इथला नव्हता त्याच्यावरून. आणि व्हायोलिन? तेही फिरंगीच. पण त्यावर मींड निघते, दक्षिणेत ते केव्हाच रुळलं होतं, त्याला कोणी हात लावला नाही. मग खरा आक्षेप परकेपणाचा होता की सुरांचा? माझ्या मते सुरांचा. पण १९४० सालच्या देशाला 'हे परकं आहे' हे लगेच पटायचं, आणि 'गंधार किंचित चढा आहे' हे समजावायला अर्धा तास लागला असता.

स्वातंत्र्य मिळालं, गोरे साहेब गेले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला रेडिओची फक्त सहा केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. इंग्रजांचे पुष्कळ नियम तसेच राहिले, त्यात हाही राहिला. आणि १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं आलं ते एका पुणेकराकडे.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, १९०३ चा. पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार. दहा वर्षं ते मंत्री होते. आपल्या गाण्याचा त्यांनी केलेला फायदा मोठा आहे, तो आधी सांगतो. संस्थानं विलीन झाली होती, राजेरजवाड्यांचा आश्रय गेला होता, गवयांपुढे उद्याच्या जेवणाचा प्रश्न होता. केसकरांच्या काळात रेडिओ त्यांचा पोशिंदा झाला. १९५२ पासून शनिवारच्या रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या माणसाला ज्यांचं नाव ऐकूनही माहीत नव्हतं असे गवई त्याच्या ओटीवर गाऊ लागले.

पण केसकरांना सिनेमाची गाणी नकोशी होती. आणि पेटीबद्दलचं त्यांचं मत फील्डन साहेबांपेक्षा वेगळं नव्हतं. सिनेगीतांचा वेळ त्यांनी कापला, गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, फक्त गायकाचं सांगायचं असा नियम आला. निर्माते चिडले, कारण नाव नाही म्हणजे फुकटची जाहिरात नाही. त्यांनी परवानग्याच काढून घेतल्या आणि भारताच्या रेडिओवरून सिनेगीतं जवळजवळ नाहीशी झाली.

लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही. रेडिओची सुई सरकवली! सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धातला शक्तिशाली शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. १९५२ च्या शेवटी तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बसून ध्वनिमुद्रण करायचे, टेपा विमानानं कोलंबोला जायच्या, आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून परत आपल्याच घरात. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. मंत्री अजून केसकरच!

म्हणजे सिनेगीतांची बंदी पाच वर्षांत ढासळली. पेटीची मात्र एकतीस वर्षं टिकली. का? सिनेगीतांना सिलोन मिळालं. पेटीला सिलोन नव्हतं. तिच्यामागे निर्माते नव्हते, जाहिरातीचा पैसा नव्हता. तिच्यामागे होते भजनी मंडळवाले, शाळेतले गाण्याचे मास्तर, नाटकातले साथीदार. त्यांचं ऐकणार कोण?

आता घरचं सांगतो. माझे आजोबा कुडाळजवळच्या एका गावात भजनाचे बुवा होते. ज्यांनी कोकणातली डबलबारी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, बुवा नुसता गात नाही, पेटीही तोच वाजवतो. गाणं आणि पेटी एकाच माणसाची, डावा हात भात्यावर, तोंडात अभंग, डोळे समोरच्या बुवावर. साठच्या दशकात कधीतरी घरात ट्रान्झिस्टर आला. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. आजोबांना शास्त्रीय गाणं ऐकायचा नाद होता. आत्या सांगते, रात्रीचं गाणं सुरू व्हायच्या आधी ते ट्रान्झिस्टर पाटावर ठेवायचे आणि समोर स्वतःची पेटी घेऊन बसायचे. रेडिओवर तबला असायचा, सारंगी असायची, पेटी नसायची. मग ती यांनी वाजवायची! गायकानं पहिला षड्ज लावला की आजोबांची बोटं हलक्या हातानं पट्ट्या चाचपायची आणि पुटपुटायचे, "काळी दोन." सापडली पट्टी की साथ सुरू. दिल्लीत, मुंबईत बसून गाणाऱ्या मोठमोठ्या गवयांना कुडाळ तालुक्यातून कोणी साथ करतंय याचा पत्ता नव्हता.

पण आत्यानं सांगितलेली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गायक लांब मींड घेऊ लागला की आजोबा हात उचलून घ्यायचे. पेटी गप्प. मींड संपली की परत बोटं खाली. लहानपणी आत्यानं विचारलं, मधेच थांबता का? तर म्हणाले, "थंय पेटयेचा काम नाय."

मी इतक्या भागांसाठी जुनं वाचन करतो, पण फोल्ड्स साहेबांच्या त्या लेखावर याच्याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. पेटीला काय जमत नाही हे आजोबांना ठाऊक होतं, आणि त्यासाठी पेटी घराबाहेर काढायची गरज त्यांना वाटली नव्हती.

आणि ते 'काळी दोन' ऐकलंत ना? ही खरी मजा आहे. हिंदुस्तानी गायक आपली पट्टी कशी सांगतो? काळी एक, काळी चार, पांढरी पाच. हे रंग कुठले? पेटीचे! ज्या गवयाला पेटीचा सूर कानाजवळ नको, जो फक्त तानपुरा आणि सारंगी घेऊन बसतो, त्यालाही आपला षड्ज सांगायला पेटीचीच भाषा वापरावी लागते. रेडिओच्या स्टुडिओत पेटीला बंदी होती तेव्हाही तानपुरा 'काळी एक'मध्येच लावला जात असणार. दारातून हाकललेली बाई स्वयंपाकघरात आधीच बसलेली.

विरोधाभास तर असे की हसू येतं. पन्नासच्या दशकात आकाशवाणीत नोकरीला होते पु. ल. देशपांडे, आणि पुलंचं पेटीवरचं प्रेम मी सांगायला नको. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. रेडिओवर पेटीबंदी पूर्ण जोरात असतानाची ही गोष्ट. आणि आज 'गीतरामायण' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय चित्र येतं? बाबूजी स्टेजवर बसलेले, आणि पुढ्यात पेटी.

सारंगीचंही बोललं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट एकतर्फी होईल. पेटी आली तेव्हा तिनं सारंगीची जागा खाल्ली. सारंगी शिकायला जन्म जातो, लावायला अर्धा तास, आणि ती कोठ्यावरच्या गाण्याशी जोडलेली म्हणून पांढरपेशा घरांत तिला मान नव्हता. पेटी सोपी आणि 'सभ्य'. सारंगिये बेकार होऊ लागले होते. रेडिओनं पेटी बंद केल्यावर साथीला सारंगी हवीच झाली आणि कितीतरी सारंगियांना आकाशवाणीत नोकऱ्या मिळाल्या. आज सारंगीची जी काही घराणी उरली आहेत त्यांच्यावर या बंदीचे उपकार आहेत. मला बंदी पटत नाही, पण सारंगी ऐकताना हे विसरता येत नाही.

१९७१ मध्ये बंदी उठली, तीही अर्धीच. ठरावीक कलाकारांच्या साथीला पेटी चालेल, असं. एकट्या पेटीच्या वादनाला पुढेही खूप वर्षं दार बंदच राहिलं. आणि बंदीच्या या काळात बाहेर काय चाललं होतं? आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर. पेटीवरची एवढी मोठी मंडळी याच वर्षांत महाराष्ट्र-गोव्याच्या मैफलींत आणि नाटकांत वाजवत होती. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणजे त्यांची शेवटची पंधरा वर्षं अशा देशात गेली जिथे त्यांचं वाद्य रेडिओला चालत नव्हतं. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकार तेच, वाद्य तेच.

वाद संपलाय असं समजू नका. २०२२ मध्ये अकाल तख्तानं सांगितलं की सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून तीन वर्षांत हार्मोनियम टप्प्याटप्प्यानं काढून जुनी तंतुवाद्यं परत आणावीत. कारण ओळखीचंच, पेटी इंग्रजांची. आणि इकडे महाराष्ट्रात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे. देवल-क्लेमेंट्सचं शंभर वर्षांपूर्वीचं स्वप्न, आता प्रत्यक्ष वाजतंय. मी ती ऐकली. गंधार तानपुऱ्यातला वाटतो. मींड मात्र अजूनही नाही, तिथे हात उचलावाच लागतो.

ज्या मुलीला प्रार्थनेच्या पेटीनं पोटात गोळा येतो, तिला एकच सुचवतो. गोविंदराव पटवर्धनांचं वाजवलेलं कुठलंही नाट्यपद इंटरनेटवर शोध आणि दहा मिनिटं ऐक. तरीही नाही आवडलं तर नाही आवडलं, हरकत नाही.

आणि बाकीच्यांनो, तुमच्या घरी माळ्यावर जुनी पेटी असेल तर खाली उतरवा. भात्याला भोक पडलेलं असेल, एखादा सूर एकटाच भोंगत असेल, चालेल. तसाच वाजवून व्हॉइस नोट पाठवा, पेटी कुणाची होती तेही सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. फक्त रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा, प्लीज.